आजार पटवून देण्याचा नाद सोडा

"मला काय धाड भरलीय?" असं घरातलं वडीलधारं माणूस म्हणालं की आपण पुरावे मांडायला बसतो. काल गॅस चालू राहिला, परवा एकच प्रश्न दहादा विचारला, वगैरे. माझ्या मते सगळ्यात जास्त ताकद वाया जाते ती इथेच.

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाणाऱ्या आजाराच्या, बऱ्याच रुग्णांना आपण आजारी आहोत हे कळतच नाही. तो हट्ट नसतो आणि सोंगही नसतं. आपलं काय चुकतंय याची नोंद मेंदू ज्या भागांतून ठेवतो, तेच भाग आजाराने धरलेले असतात. लुळा पडलेला हात लुळा आहे हे अर्धांगवायूच्या काही रुग्णांना उमगत नाही, हे पाहून बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने १९१४ मध्ये त्याला 'अ‍ॅनोसोग्नोसिया' हे नाव दिलं. डिमेन्शियातही तेच. तुम्ही वाद घातलात तर वाद विसरला जातो, राग मात्र संध्याकाळपर्यंत टिकतो.

'विसरायला होतं' म्हणून डॉक्टरकडे कुणी येत नाही. 'बीपी आणि शुगर बघून येऊ' म्हटलं की येतात, आणि ते खोटंही नाही. आधी एक पान लिहा: कधीपासून, काय बदललं, तारखांसह चार-पाच प्रसंग, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. ते पान आत जाण्याआधीच डॉक्टरांपर्यंत पोचवा. रुग्णासमोरच चुकांचा पाढा वाचलात तर पुढच्या वेळी ते पायरी चढणार नाहीत. डॉक्टर बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासायला सांगतीलच. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवीन नाही. दोन-तीन दिवसांत अचानक बिघडलं तर मात्र 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नव्याने सुरू केलेली झोपेची वा सर्दीची गोळी, यांपैकी काहीतरी असू शकतं.

पुण्याहून तासाभरासाठी भेटायला येणारे भाऊ हमखास म्हणतात, "छान बोलतात की, तुम्हीच बाऊ करता." पाहुण्यांसमोरची बोलण्याची रीत बराच काळ टिकते. त्यांना तासभर नाही, दोन रात्री राहायला बोलवा.

स्कूटरची किल्ली हिसकावू नका. पार्किंगमध्ये गाडी दिसली की किल्लीची आठवण होते, म्हणून गाडीच दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये हलवा. 'पुढील तपासणीपर्यंत गाडी चालवू नये' असं डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या. कागद पुन्हा पुन्हा दाखवता येतो आणि राग डॉक्टरांवर जातो. (डॉक्टरांना तो सोसायची सवय असते.) गॅसचं बटण दिसलं की ते फिरवलं जातंच, म्हणून रेग्युलेटर बंद ठेवा, पाइप गॅस असेल तर कॉक.

'पैसे चोरले' हा आळ बहुधा सुनेवर येतो. सफाई देऊ नका. "चला, शोधू" म्हणा आणि पाकीट त्यांनाच सापडू द्या. दहा-वीसच्या नोटा असलेलं तसंच दुसरं पाकीट जवळ असू द्या.

नाशकात एक गोष्ट विशेष. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधून 'घरी जातो' म्हणून निघालेलं माणूस बऱ्याचदा जुन्या घराच्या दिशेने जातं. पंचवटीतला वाडा, रविवार कारंजा, नाहीतर रोजच्या सवयीने थेट गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर. जुने पत्ते आजच लिहून ठेवा. 'हेच तुमचं घर' म्हणण्यापेक्षा सोबत चपला घालून एक फेरी मारा, मग चहाला परत या. शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवा आणि दर महिन्याला ताजा फोटो काढा. कडी दाराच्या अगदी वर लावा, पण आत एकटं कोंडून जाऊ नका. माणूस सापडत नसेल तर लगेच ११२ लावा; चोवीस तास थांबायचा नियम नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीआधी हे सगळं तयार हवं.

बँकेचं काम शेवटासाठी ठेवू नका. समज गेल्यावर मुखत्यारपत्र कायद्याने निरुपयोगी होतं. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. सही करण्याइतकी समज आहे तोवर खातं जोडीने, 'दोघांपैकी कुणीही' व्यवहार करू शकेल असं करून घ्या आणि नोव्हेंबरमधल्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची आठवण स्वतःच्या फोनमध्ये लावा.