जुनी क्रोकरी जेवायला घ्या, शोकेसमध्ये ठेवायला नको

जुन्या कपबश्या, प्लेटा, चमचे जमवण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे. त्यातून एक मत पक्कं झालंय, आणि आज ते सविस्तर लिहायचंय. जी वस्तू जेवणाच्या टेबलावर यायची नाही, ती कितीही देखणी असली तरी घ्यायची नाही. शोकेसमध्ये ठेवायला घेतलेल्या वस्तूकडे आपण नीट बघतच नाही. वापरायला घ्यायची म्हटलं की मात्र सगळं बघावं लागतं: काठ, तळ, कान, वजन, आवाज. आणि ज्याने ती घडवली त्याने कुणाच्या तरी ओठांना लागेल म्हणूनच तो काठ एवढा पातळ ठेवला होता ना!

प्लेट हातात आली की बहुतेक लोक आधी ती उलटी करून शिक्का वाचतात. शिक्का वाचायला मलाही आवडतं, कारण काळाचा अंदाज तिथूनच येतो. अमेरिकेने १८९० साली मॅकिन्ले टॅरिफ हा आयात शुल्काचा कायदा केला आणि १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेली प्लेट साधारणपणे त्यानंतरची धरतात, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. चौकटीच्या एक्क्यासारखी खूण आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरं-आकडे दिसले, तर ती १८४२ ते १८८३ या काळातली ब्रिटिश डिझाइन नोंदणी. ‘ऑक्युपाइड जपान’ लिहिलेला कप दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाचा, म्हणजे १९५२ च्या आधीचा. एका कपाच्या बुडाशी एवढा इतिहास मावतो याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पण शिक्क्यावर भाळून खरेदी करू नका. जर्मनीतला माइसेनचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना १७१० साली सुरू झाला. त्याची दोन तलवारींच्या फुलीची खूण इतक्या जणांनी उचलली आहे की ती दिसली म्हणजे वस्तू अस्सल, असं कुणी समजू नये. आणि शिक्का खरा निघाला तरी प्लेटची तब्येत कशी आहे, हे त्यावरून कळत नाहीच. माझ्या लेखी तब्येत आधी, घराणं नंतर.

तब्येत बघायला दिवसाचा उजेड हवा. कप खिडकीशी धरा आणि आतून बोटं फिरवा. बोन चायना असेल तर पलीकडून बोटांची सावली दिसते. या मातीत हाडांची राख जवळजवळ निम्मी असते, आणि तो उबदार शुभ्रपणा येतो तो त्या राखेमुळे. मग डोळे मिटून नख काठावरून सावकाश फिरवा. डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लागतो. त्यानंतर कप तळहातावर ठेवून बोटाने हलकेच टिचकी मारा. धड कप खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. आता प्लेट तिरकी धरा, म्हणजे उजेड तिच्यावरून घसरत जाईल. सुऱ्यांचे बारीक ओरखडे, नक्षीचा उडालेला रंग, झिजलेली सोनेरी कड हे सगळं तिरक्या उजेडातच दिसतं, दुकानातल्या डोक्यावरच्या दिव्याखाली नाही.

ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर त्यांना क्रेझिंग म्हणतात. भट्टीतून निघाल्यावर ग्लेझ आणि खालची माती सारखी आकसली नाही, की वरचा थर ताणला जातो आणि तडकतो. कधी हे लगेच होतं, कधी वर्षानुवर्षांनी, कारण सच्छिद्र माती हळूहळू ओल धरून फुगते. या रेषांमधून तेल, चहा आत मुरतो आणि तपकिरी डाग पडतात. ते डाग धुऊन जात नाहीत. काहींना अशा रेषा फार काव्यमय वाटतात. अशी प्लेट भिंतीवर टांगायला खुशाल घ्या, पण तिच्यात वाढू नका.

आता ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून कळकळ आहे ती. जुन्या ग्लेझमध्ये आणि ग्लेझवरच्या रंगांमध्ये शिसं असू शकतं. ग्लेझ झिजलेलं, तडकलेलं, हाताला खरखरीत किंवा पिठूळ लागत असेल, तर ते शिसं अन्नात उतरण्याचा धोका वाढतो. पदार्थ आंबट आणि गरम असेल तर आणखी. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना आणि गर्भाला होतो. ‘आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या यातच जेवले’ हे विक्रेत्याचं बोलणं मी पुरावा मानत नाही. घरी करायच्या चाचणीपट्ट्यांचा कौलही पक्का नसतो, खात्री हवी असेल तर प्रयोगशाळा गाठावी. भडक लाल, केशरी, पिवळ्या रंगांच्या बाबतीत मी जास्तच कडक आहे. अमेरिकेत १९३६ साली आलेल्या फिएस्टा क्रोकरीच्या लाल-केशरी ग्लेझमध्ये तर युरेनियम ऑक्साइड होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने युरेनियम ताब्यात घेतल्यावर तो रंग बंद पडला आणि १९५९ मध्ये परत आला, तोही युरेनियमसकटच. अशा प्लेटा संग्रहात ठेवाव्यात, जेवायला काढू नयेत. शिशाच्या क्रिस्टलचे ग्लास जेवणापुरते वापरले तर मला चालतात, पण त्याच काचेच्या सुरईत पेय दिवसच्या दिवस भरून ठेवणं बंद करा.

पूर्ण सेटचा हट्टही सोडा. बारा माणसांचा अखंड सेट मिळाला की एक बशी फुटेल या भीतीने तो बाहेरच निघत नाही. सुट्या प्लेटा घेणारा माणूस त्या रोज वापरतो. फक्त मेळ घालताना नक्षीआधी पांढरा रंग जुळवा. कुणाची माती सायीसारखी पिवळसर असते, कुणाची निळसर. फुलं वेगवेगळी असली तरी एकाच पांढऱ्यातल्या प्लेटा एकत्र शोभतात. उलट एकसारखी निळी नक्षी असून एक प्लेट पिवळट आणि दुसरी निळसर असेल, तर पिवळट प्लेट नुसती मळकी दिसते. आणखी एक, जुन्या जेवणाच्या प्लेटा आजच्यापेक्षा बऱ्याचदा लहान असतात. मला ते मापच जास्त आवडतं, पण घेण्याआधी टेप लावून बघा.

चमच्यांबद्दल थोडक्यात. चमच्यावर ९२५ लिहिलं असेल तर हजारात ९२५ भाग चांदी. ‘ईपीएनएस’ म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा, आणि निकेल सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते; ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. चमच्याचा पाठीकडचा फुगवटा आणि काट्याची टोकं आधी झिजतात, म्हणून तिथे पिवळसर धातू डोकावतोय का ते बघा. मुलाम्याचे चमचे घ्यायला काहीच हरकत नाही, ते चांदीच्या भावात मात्र घेऊ नका. आणि रोज वापरा. वापरून धुतलेला चमचा न वापरता पडून असलेल्या चमच्यापेक्षा कमी काळवंडतो. जुन्या सुऱ्यांची मूठ बऱ्याचदा राळेने बसवलेली असते, त्या गरम पाण्यात भिजत ठेवल्या की पातं सुटून हातात येतं.

धुण्याची जबाबदारी नको असेल, तर ही खरेदीच करू नका. सोनेरी कडेच्या वस्तू डिशवॉशरमध्ये आणि मायक्रोवेव्हमध्ये घालायच्या नाहीत, इथे सवलत नाही. सिंकच्या तळाशी टॉवेल पसरा, एकेक वस्तू कोमट पाण्यात धुवा. प्लेटा एकावर एक रचताना मध्ये कापड घाला, कारण वरच्या प्लेटच्या बुडाची कडा बिनग्लेझची असेल तर खालची नक्षी खरवडते. आणि कप कानाला धरून हुकांवर टांगू नका. कान वेगळा घडवून पातळ मातीने कपाच्या अंगाला जोडलेला असतो. जुन्या कपाचा कान निखळतो तो बहुधा त्याच सांध्यात. त्यामुळे विकत घेतानाही कान जिथे जोडलाय त्या दोन्ही जागा नखाने तपासा, आणि तिथे बारीकशी रेघ दिसली तरी कप परत ठेवा.