माणसं टिकवायची आहेत? मग बोलू नका

साहेब, तुमच्या हाताखालची काही माणसं मन लावून काम करू लागली आहेत, अशी कुणकुण लागली. वेळीच आवरा.

शुक्रवारी संध्याकाळी, लोक बॅगा भरत असताना, एखाद्याला मेसेज टाका: ‘सोमवारी जरा केबिनमध्ये भेटा.’ कारण लिहू नका. पूर्णविराम मात्र द्या, त्याला वेगळीच धार असते. दोन दिवस तो बिचारा सहा महिन्यांतल्या आपल्या चुका उकरत बसेल, घरच्यांवर खेकसेल. सोमवारी घाबराघुबरा आत आला की शांतपणे विचारा, ‘प्रिंटरचं टोनर संपलंय का हो?’

कुणी नवी कल्पना आणली तर ‘बघू’ म्हणा. ‘नाही’ म्हटलं की कारण द्यावं लागतं, ‘बघू’ला काहीच लागत नाही. तीन महिन्यांनी तीच कल्पना वरिष्ठांपुढे ‘मला सुचलं’ म्हणून मांडा. तो मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवेल. वाजवतोच.

मेयर आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये नोकरीतल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: मनापासून राहावंसं वाटतं म्हणून राहणारे, सोडणं परवडत नाही म्हणून राहणारे आणि सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणारे. पहिल्या प्रकारात फार कष्ट आहेत, माणसाचं ऐकून घ्यावं लागतं. तुम्ही दुसरा धरा. त्याला नुसते घराचे हप्ते लागतात आणि ते बँक बघते. हजेरीच्या यंत्राला तरी कुठे फरक कळतो? त्याला बोट हवं असतं.

ऐकण्याच्या नादी लागून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचं काय झालं पाहा. १९२८ पासून तिथे २० हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. आधी ठरावीक प्रश्न होते. लोक भलतंच बोलायला लागले, तर प्रश्न बाजूला ठेवून त्यांना हवं ते बोलू दिलं! अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. दीड तास, साहेब. तेवढ्या वेळात आढावा बैठकीतलं तुमचं भाषण जेमतेम प्रस्तावना ओलांडतं.

एवढं करूनही एखादा राजीनामा देईलच. तेव्हा मात्र त्याला समोर बसवा, पाणी मागवा आणि आपुलकीने विचारा, ‘काही अडचण होती का? मोकळेपणाने बोला.’

‘छे, सर. सगळं छान होतं,’ असं म्हणून तो फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ लिहील. आणि पूर्णविराम देईल.