इंजिनाला न्हाऊ घालताना

बॉनेट उघडलं आणि आत धूळ दिसली, म्हणजे गाडीची अखेर जवळ आली, हे तुम्ही ओळखलंच असेल. ती धूळ वर्षानुवर्षं तिथे निमूट बसून आहे आणि इंजिनाच्या कामात तिने कधी ढवळाढवळ केलेली नाही, हे मनावर घेऊ नका. शेजाऱ्याचं इंजिन चकाकतं आणि आपलं नाही, हे दुःख धुळीहून मोठं आहे. तेव्हा चला, बाह्या सरसावा.

पहिलं म्हणजे मुहूर्त. लांबचा प्रवास करून आल्या आल्या, इंजिन धगधगत असतानाच पाण्याचा पाइप हाती घ्या. थंड इंजिनावर पाणी मारण्यात कसला आलाय पराक्रम? इंजिनातला जळका वायू गोळा करून बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तेव्हा काही शे अंशांवर असतो. गार पाणी पडलं की बाहेरचा धातू आकसू बघतो, आतला तयार नसतो, आणि दोघांच्या भांडणात तडा जायची छान संधी निर्माण होते. वाफेचा हबका तोंडावर येतो तो वेगळाच. इंजिन पार निवेपर्यंत थांबणारी माणसं जगात आहेत. त्यांना दुसरे उद्योग नसावेत. रेडिएटरचं झाकणही याच वेळी उघडून आतून पुसून घ्या. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रावण, दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते एकदम उकळतं. नेमकं कुणाच्या अंगावर, हे सांगायला नको.

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची, असं म्हणतात. तुम्ही पॉझिटिव्हपासून सुरुवात करा. पाना जरा बॉडीला टेकला की जी ठिणगी उडते, ती एकदा बघण्यासारखी असते, विशेषतः चार्ज होताना बॅटरीतून निघालेला हायड्रोजन आसपास रेंगाळत असेल तर. गाडी हायब्रिड असेल आणि जाडजूड नारिंगी केबल दिसल्या, तर त्या आधी चोळायला घ्या. त्यांच्यात शेकडो व्होल्ट असू शकतात, पण तो रंग कंपनीने शोभेसाठीच दिला असणार.

आता मळ कशाने काढायचा? पेट्रोलने. उणे ४० अंशांच्या आसपासही त्याची पेट घेण्याजोगी वाफ तयार होते, ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि कुठली तरी ठिणगी शोधत जाते. पेट्रोल हाताशी नसेल तर रॉकेल. वास दोन दिवस राहतो आणि रबराचे होज फुगू लागतात. तेही नको असेल तर कॉस्टिक सोडा असलेलं ओव्हनचं जालीम द्रावण ओता. ते ग्रीस खातं आणि ॲल्युमिनियमही खातं, भेदभाव करत नाही. इंजिनासाठीच बनवलेलं सौम्य डीग्रीझर फवारायचं, काही मिनिटं थांबायचं, वाळायच्या आत मऊ ब्रशने घासून पुसून घ्यायचं, ही झाली शाळकरी पद्धत.

खरी मजा प्रेशर वॉशरमध्ये आहे. वायरिंगच्या कनेक्टरना रबरी सील असतात, ती पावसाच्या शिंतोड्यांना पुरतात. तुम्ही नळी अगदी जवळ न्या आणि सीलची परीक्षा घ्या. मग अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र. त्याला थंड हवा मिळावी म्हणून जाळी ठेवलेली असते. तिच्यातून पाणी आत जातंय, म्हणजे ते पाण्यासाठीच असणार. फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा संगणक), एअर फिल्टरचं तोंड, कशालाही प्लास्टिकची पिशवी बांधू नका. बांधलीच तर काढायचं विसरा आणि सेल मारा. इग्निशन कॉइलभोवती भरपूर पाणी मारा, म्हणजे स्पार्क प्लगच्या खोलगट जागेत तळं साचेल आणि एखादा सिलिंडर अधूनमधून सुट्टी घेऊ लागेल. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर तिरका झोत सोडा, त्या एका दिशेने छान झोपतात. तेलकट पाणी थेट गटारात जाऊ द्या. पुढे ते कुठे जातं, हा गटाराचा प्रश्न.

(मला विचाराल, तर थंड इंजिनावरची धूळ ब्रशने झाडली आणि ओलसर फडक्याने प्लास्टिकचे भाग पुसले की बरंचसं भागतं. पण मला विचारलंय कुणी?)

काही जागा मात्र चुकूनही साफ करू नका. वायपरच्या खालच्या खाचेत साचलेली वाळकी पानं, पाणी जायच्या भोकाला बसलेला बोळा, एक्झॉस्टजवळ उंदराने मायेने बांधलेलं घरटं, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरट खपली. यांच्यापैकी काही पेट घेतं, काही पाणी केबिनमध्ये पाठवतं, काही ऐनवेळी गाडी सुरूच होऊ देत नाही. पण फोटोत यातलं काहीच दिसत नाही, मग कष्ट कशाला? तेलाचा ओघळ कुठून येतो तेही धुण्याआधी बघू नका आणि धुतल्यावर चार दिवसांनी तर मुळीच नको. आधीच्या मालकाने गाडी तुम्हाला विकताना इंजिन एवढं लख्ख का केलं होतं, हे कोडं त्यामुळे उगाच सुटेल.

शेवटी सगळीकडे सिलिकॉनचा चकाकीचा स्प्रे मारा. बेल्टवर दोन हात जास्त, म्हणजे तो घसरताना किंचाळेल आणि पाहुणे कौतुकाने वळून बघतील.

सेल मारल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर घाबरू नका. न्यायला ट्रक येईल. वर चढवताना बॉनेट उघडंच ठेवायला सांगा. एवढी मेहनत लोकांना दिसायला नको? वाटेत वाऱ्याने ते उलटून काचेवर आपटलं, तरी हरकत नाही. काच धुवायची राहिलीच होती.