कॅथेटर काढण्याआधी नळी चिमटून ठेवा म्हणे!

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की लघवीची नळी काढायच्या आधी दोन दिवस तिला चिमटा लावून दर तीन तासांनी सोडायची म्हणजे ब्लॅडरला (लघवीच्या पिशवीला) 'सवय' लागते, नाहीतर लघवी अडकतेच. ऑपरेशननंतर थोडे दिवस नळी असलेल्या पेशंटला ह्याची गरज नाही, अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2009 च्या गाईडलाईनमध्येही तसं स्पष्ट लिहिलंय. जुन्या वॉर्डांमध्ये ही पद्धत होती हे खरं, म्हणून तर मेसेज पटतो.

पण घरी नातेवाईक नळी दुमडून रबरबँड लावतात, मग जेवणाच्या गडबडीत विसरतात आणि पोट फुगून पेशंट तळमळतो. मणक्याच्या वरच्या भागाला इजा असेल तर आणखी डेंजर, ब्लॅडर भरलं की बीपी एकदम चढतं, डोकं ठणकतं, घाम फुटतो. तेव्हा आधी नळी कुठे दुमडलीय का ते बघा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

बरं, नळी काढल्यावर काय? सहा तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट टणक लागलं तर सिस्टरना सांगा, उगाच तांब्यावर तांब्या पाणी पाजत बसू नका. आणि हो, संडास किती दिवस झाली नाही तेही सांगा, लाजू नका. संडासचा खडा धरला असेल तर त्याच्या दाबानेही लघवी अडकते, हे त्या मेसेजवाल्याच्या गावीही नाही.