"युनिव्हर्सल" अँटेना म्हणे! आरव्हीवर बसवून दाखवा आधी

डोकं फिरलंय नुसतं. कॅम्परच्या, म्हणजे आरव्हीच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) छतावर वायरलेसवर बोलायच्या रेडिओसाठी एक साधा व्हीएचएफ अँटेना बसवायचाय, बाकी काही नको, आणि त्यासाठी इतका मनस्ताप?

बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलंय की कार, ट्रक, आरव्ही सगळ्याला चालतो, आणि आत काय तर मॅग्नेटचा बेस. अरे आरव्हीचं छत बहुतेक वेळा फायबरग्लासचं असतं, नाहीतर प्लायवर रबरशीट, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम, यातल्या कशाला मॅग्नेट चिकटतं ते सांगा ना! बरं, ब्रॅकेट लावून उभा केला तरी पुढचं दुखणं आहेच, कारण क्वार्टर वेव्हची (रेडिओ लहरीच्या पाव लांबीची) काडी म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे तिच्याखालचा पत्रा, ग्राउंड प्लेन. १४५ मेगाहर्ट्झला काडी साधारण ५० सेंटीमीटरची, आणि खाली चारी बाजूंना निदान तेवढा तरी पत्रा लागतो. कारच्या टपावर तो आयताच मिळतो. फायबरच्या छतावर कुठून आणायचा? मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर माघारी येते ते सांगणारा आकडा) ३ च्या पुढे, म्हणजे पाव पॉवर तिथूनच माघारी, आणि रेडिओला प्रोटेक्शन नसेल तर फायनल ट्रान्झिस्टर (पॉवर बाहेर पाठवणारा शेवटचा भाग) जायची भीती वेगळीच. हे बॉक्सवर कुठेही, बारीक अक्षरातसुद्धा लिहिलेलं नाही!

विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे केबल थोडी थोडी कापून बघा. काय बोलावं? केबल कापून मीटरवरचा आकडा हलतो हो, पण अँटेना आहे तिथेच आहे आणि ग्राउंड प्लेन नाही ते नाहीच! आणि ग्राउंड प्लेन न लागणारे जे किट येतात त्यातल्या बऱ्याच किटची केबल ठरावीक लांबीचीच असते, ती कापली की सगळंच बिघडलं. असले सल्ले बिनधास्त ठोकून देतात आणि नंतर हात वर.

गेनचंही (अँटेना सिग्नल एका दिशेत किती जोरात पाठवतो त्या आकड्याचंही) तेच. "६ डीबी" एवढंच छापायचं, डीबीआय (सगळीकडे सारखं पाठवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) की डीबीडी (साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत) ते गुलदस्त्यात, दोघांत २.१५ चा फरक आहे तो गिऱ्हाइकाने ओळखायचा.

मागच्या शिडीला लावा म्हणतात. लावतो की. पण ती शिडी बऱ्याचदा फायबरच्या भिंतीलाच स्क्रूने मारलेली असते, चासीशी तिचा काडीचा संबंध नसतो, म्हणजे तिथेही विणलेल्या तारेची वेगळी जाड पट्टी टाका, पेंट खरवडा, दातेरी वॉशर लावा, वर छतावरच्या एसीच्या डब्याची आड येते ती येतेच. आणि छताला भोक पाडायचं तर अजून भीती. रबराच्या छतावर साधं सिलिकॉन नीट धरत नाही, त्याला छतासाठीचा वेगळा सीलंट लागतो, हे माहीत नसलेला फिटर हातात ड्रिल घेऊन उभा असतो! पाणी आत मुरतं, प्लाय आतून कुजतं, आणि आपल्याला कळतं तेव्हा छत मऊ झालेलं असतं. अँटेना राहिला बाजूला, छतच बदलायची वेळ.

मला खरा राग गाडी बांधणाऱ्यांचा येतो. एसीला जागा ठेवता, सोलरची वायर आधीच ओढून ठेवता, टीव्हीची सोय करता, मग छत बांधतानाच आत मीटरभर रुंद पत्रा टाकून एक कोअ‍ॅक्स (अँटेनाची केबल) डॅशबोर्डपर्यंत आणून ठेवायला काय जड जातं? डोंगरात मोबाइलची रेंज गेली की हाच रेडिओ कामाला येतो, ही काय चैन आहे का?

आता हाफ वेव्ह (लहरीच्या अर्ध्या लांबीचा) अँटेना घेणारे, त्याला खाली पत्रा लागत नाही, लांबी दुप्पट होते आणि झाडाच्या फांद्यांना लागतो म्हणून खाली स्प्रिंग टाकेन. पण त्या "युनिव्हर्सल"वाल्याने आरव्ही हा शब्द बॉक्सवरून काढलाच पाहिजे, आणि माझे पैसेही परत पाहिजेत, पूर्ण.