आपली दोस्ती म्हणे वरवरची!

सध्या ग्रुपाग्रुपावर एक मेसेज फिरून राहिला. अमेरिकेतला माणूस दोस्ताला सगळं मोकळं सांगतो म्हणून तिकडे डिप्रेशन नाही, आपण मनात कुढतो कारण आपली दोस्तीच वरवरची, तर रोज एका मित्राला सगळं सांगा, डॉक्टरची गरजच नाही.

तिकडे डिप्रेशन नाही ही तर सरळ थाप आहे. त्यांच्याच सरकारी आकड्यांत २०२१ मध्ये सुमारे २ कोटी १० लाख प्रौढांना गंभीर डिप्रेशन येऊन गेलं, अन् २०२३ मध्ये त्यांचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मोठे आरोग्य अधिकारी, विवेक मूर्ती यांनी एकटेपणावर सरकारी इशारा काढला.

पण "वरवरची दोस्ती" वाचून माझं डोकं सटकलं. शुग, युकी अन् मॅडक्स या संशोधकांनी २०१० मध्ये जपान-अमेरिकेची तुलना केली, त्यात निघालं की जिथे नवे दोस्त करणं अन् जुने सोडणं सोपं तिथे लोक जास्त मोकळं बोलतात, कारण नातं टिकवायला तशी जवळीक दाखवावी लागते. आता आपल्या नागपूरच्या महाल भागातला माणूस घ्या, शाळेतला दोस्त तोच शेजारी, त्याची मावशी आपल्या वहिनीच्या नात्यात, सकाळी काही बोललं की संध्याकाळी पानठेल्यावर चर्चा, तो काऊन सांगेल बाप्पा? पण त्याचा बाप मेडिकल हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाला की तेच पोट्टे काही न विचारता डबा घेऊन येतात, रात्रभर वॉर्डाबाहेर क्रिकेटच्या गप्पा मारत बसतात. मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांच्या टीमनं २००७ मध्ये पाहिलं की आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना मदत मागणारं पत्र लिहिण्यापेक्षा आपल्या जवळच्या माणसांचा नुसता विचार केल्यानं कमी ताण आला, गोऱ्यांचं उलट. (पोरं कॅलिफोर्नियातली होती, धरमपेठेतली नाही, त्यामुळे जसंच्या तसं आपल्याला चिकटवू नका.)

रोज सगळं सांगायचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलांत पाहिलं, तेच दुःख पुन्हा पुन्हा घोळवणाऱ्यांची मैत्री घट्ट असते पण उदासी अन् काळजीही जास्त असते.

डॉक्टर नको हे मात्र सगळ्यात घातक. दोस्त ऐकून घेईल, औषध थोडीच लिहून देणार! टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं, नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. दोस्त बोलत नसेल तर उगाच उकरू नका, पण झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नको म्हणायला लागला तर गाडीवर मागे बसवा अन् घेऊन जा.