साचा मापाने बनत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे आक्षेप दोन आहेत. फॅशन ही कळपाची चाल आहे, ज्याला व्यक्तिमत्त्व आहे त्याला तिची गरज नाही, हा पहिला. खांद्याची शिवण कुठे यावी हे सांगून कपड्यांच्या मापावरचा माझा लेख सगळ्यांना एकाच साच्यात बसवतो, हा दुसरा. पहिला अर्धा मान्य आहे. दुसरा अजिबात नाही.

दर महिन्याला नवी लाट आली म्हणून कपाट भरलं, तर निवड आपली राहत नाही, हे खरंच. पण फॅशनच्या पूर्ण बाहेर उभं राहायला जागा नसते. अगदी साध्या शर्टाची कॉलर किती रुंद, पँटची मोहरी (पायाशी रुंदी) किती, हेही त्या त्या काळाने ठरवलेलं असतं. १९४७ मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर दिओरने बारीक कंबर आणि लांब, घेरदार स्कर्ट आणला. १९६०च्या दशकात स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला. मुद्दाम उलटं घालणाऱ्यालाही आधी सुलट काय आहे ते पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ब्यू ब्रमेल या पोशाखासाठी गाजलेल्या गृहस्थाने भरजरी पोशाख सोडून गडद कोट आणि स्वच्छ पांढरा शर्ट धरला. तो उठून दिसला तो कपड्याच्या बेतामुळे, म्हणजे कापड कसं कापलंय त्यामुळे. पुढे त्याचं ते वेगळेपणच पुरुषांच्या सुटाची पायवाट झालं.

म्हणून मापाचा आग्रह. दुकानातला तयार कपडा सरासरी अंगासाठी कापलेला असतो, आणि सरासरी अंग कुणाचंच नसतं. साचा तो आहे. त्यातून बाहेर काढतं ते माप. कपडा खांद्यावर बसवून घ्या, बाकीचं दुरुस्त होतं. बाजूच्या शिवणी प्रत्येकी दोन-अडीच सेंटिमीटर आत घेता येतात. त्याहून जास्त घेतल्या तर मुंढा (बाही जोडतात ती कड) ओढला जातो आणि टक्स (आकारासाठी शिवलेल्या चिमट्या) जागेवरून सरकतात. सैल करायचं असेल तर आधी कपडा उलटा करून शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) किती आहे ते पाहा. माया असली तरी जुन्या टिपेची रेघ आणि न विटलेला पट्टा बाहेर दिसू शकतो, गडद सुती कापडावर तर हमखास. सुती पँटची उंची मात्र एक धुणं झाल्यावरच पक्की करा, नाहीतर घोटा उघडा पडतो.

‘मग ज्याला सैलच आवडतं त्याने काय करायचं?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. प्रश्न रास्त आहे. सैल बेताचा शर्ट वेगळा आणि दोन मापं मोठा शर्ट वेगळा. सैल बेतात खांद्याची शिवण दंडावर उतरेल हे धरूनच मुंढा खोल आणि बाहीचा माथा (खांद्याला जोडायचा वरचा भाग) सपाट कापतात. नेहमीच्या शर्टाचा माथा उंच असतो. तो दंडावर घसरला की तिथे चुण्यांचा गठ्ठा होतो, बाही तळव्यावर येते आणि गळा उघडा पडतो. बाही कफ उसवून आखूड करता येते. पण तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे कापली तर कफाजवळची चीर आखूड होते आणि हात अडकतो. गळ्याला मात्र सोपा इलाज नाही. तेव्हा सैल हवं असेल तर सैल बेताचाच शर्ट शोधा, आणि त्यातलं माप गळ्यावरून ठरवा.